नेट गेलं की फोन येतो

हलसिनकोप्पच्या सुब्राय हेगडेचा आवाज एका मंगळवारी सकाळी बसला. सर्दीबिर्दी काही नव्हती. पंपाच्या खोलीवर चढून एक वानर सोलरच्या पॅनलशी खेळत होतं, त्याला हाकलायला सुब्रायनं तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा कुठे थोडी खरखर बाहेर पडली. वानरानं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागलं. सुब्राय पायरीवर बसून आठवू लागला, आपण शेवटचं बोललो ते कधी आणि कुणाशी. शुक्रवारी सिरसीहून येताना बसच्या कंडक्टरला ‘एक हलसिनकोप्प’ म्हणालो होतो. ते दोन शब्द बोलणं म्हणून धरले तर चार दिवस झाले होते.

सुब्राय त्रेचाळीस वर्षांचा. सव्वा एकर पोफळीचं आगर, कारवारला केलेला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, ओढ्याकाठी कौलारू घर. लग्न नाही. लग्न का नाही, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही, कारण गावात राहणाऱ्या हव्यक ब्राह्मण मुलाला मुलगी देण्याची पद्धत बंद होऊन वीस वर्षं झाली. बंगळूरला दीड खोलीत कोंबून राहणारा चालतो, आगरात राहणारा चालत नाही. सुब्राय ऐन उमेदीत पाच-सहा मुली पाहायला गेला, तेव्हा प्रत्येक घरी केळ्याचे काप पुढे करत एकच प्रश्न आला होता, ‘तुमच्याकडे नेटवर्क येतं का हो?’ येत नव्हतं. पुढे ते सुब्रायनंच आणलं, पण तोवर त्याची अडतिशी उलटली होती आणि मुली पाहायला नेणारे काकाही थकले होते.

ते आणलं कसं, ते सांगायला हवं. मोठी साथ आली त्या वर्षी हलसिनकोप्पच्या अकरा घरांत बंगळूर-हैदराबादहून चौदा पोरं परत आली, लॅपटॉप घेऊन. घरात मोबाइलला बोलण्यापुरती एक काडी यायची, नेट मात्र चालेना. मग सगळी सकाळी उठून टेकडीवर जायची. तिथे झावळ्यांचं छप्पर घातलं, बाकं नेली, कुणी छत्री धरून तर कुणी गोणपाट पांघरून अमेरिकेशी बोलायचं. जळवा पायांना लागायच्या, तरी वर चेहरा हसरा ठेवायचा. एक पोरगं तर मीटिंगमध्येच किंचाळलं, आणि समोरच्यांना वाटलं काम आवडलं नाही.

सुब्राय सिरसीला एका कंपनीकडे गेला. कंपनी म्हणाली, मुख्य रस्त्यापासून आठ किलोमीटर, अकरा घरांसाठी आम्ही खांब उभे करणार नाही. सुब्राय म्हणाला, खांब कशाला बाबांनो, पोफळी आहेत की. आणि खरंच त्यानं फायबरची काळी वायर पोफळीवरून पोफळीवर बांधत, आगरातून, ओढ्यावरून, जंगलाच्या कडेनं आठ किलोमीटर ओढून आणली. प्रत्येक घरानं दोन-दोन दिवस राबणूक दिली. आगराच्या तोंडाशी पंपाची जुनी खोली होती, तिथे पेटी बसवली. वीज पावसाळ्यात चार-चार दिवस जाते, म्हणून ओढ्यावर पाण्यानं फिरणारं छोटं चाक बसवून त्याची वीज घेतली. फेब्रुवारीत ओढा आटला की सोलर, आणि सोलरही रुसला तर लॉरीच्या दोन बॅटऱ्या. घरोघरचे इन्व्हर्टरही त्यानंच लावले. कंपनीचा साहेब उद्घाटनाला आला, तो पेटीवरचे पाच हिरवे दिवे बघत पाच मिनिटं नुसता उभा होता.

पहिल्याच हंगामात घोटाळा झाला. आमच्याकडे सुपारी उतरवायची रीत अशी, की काढणारा गडी पोफळीच्या शेंड्यावर बसतो, दोराचं एक टोक वर बांधतो, दुसरं टोक लांब खाली कुणीतरी ताणून धरतं, आणि वरून सोडलेला घड त्या दोरावरून सर्रकन घसरत खाली हातात येतो. तिम्मा गौडा या कामात तीस वर्षं मुरलेला. एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जाणारा, जमिनीवर कमी आणि हवेत जास्त राहणारा माणूस. त्याला त्या वर्षी वर गेल्यावर दिसलं, की छान काळी, गुळगुळीत, ताणलेली दोरी झाडाझाडांना आधीच बांधून ठेवलीय. तिम्माला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपला विचार केला, असं वाटून त्यानं त्या दोरीवरून सात घड सोडले. सातवा घड खाली पोहोचला तेव्हा चौदा पोरं अकरा घरांच्या ओसऱ्यांवर येऊन बोंबलत होती.

“दोरी बांधून ठेवायची आणि वापरू नको म्हणायचं!” तिम्मा वरूनच ओरडला होता. “मग बांधता कशाला, वाळत घालायला?”

त्यानंतर सुब्रायनं आयीचं एक जुनं लाल लुगडं फाडून त्याच्या चिंध्या आगरातल्या वायरीला दर चार हातांवर बांधल्या. तिम्मानं पुन्हा कधी चूक केली नाही. पण ती गोष्ट खोऱ्यात इतकी फिरली, की दोन गावांपलीकडे लग्नाला गेलं तरी कुणीतरी तिम्माला विचारायचं, “काय गौडा, अमेरिकेला सुपारी पाठवलीस म्हणे?”

ती दोन-अडीच वर्षं म्हणजे सुब्रायच्या आयुष्यातला सणच होता. दिवसाला पाच-पाच फोन. “सुब्रायण्णा, नेट गेलं!” हे तीन शब्द ऐकू आले की तो कपाळावर आठ्या घालून, “काय ताप आहे रे तुमचा,” म्हणत पक्कड घेऊन निघायचा. या घरी तेळ्ळेव म्हणजे गरम पातळ डोसे, त्या घरी धण्याजिऱ्याचं पेलाभर कषाय, तिसऱ्या घरी फणसाचे पापड. एखादी पेटी नुसती बंद करून चालू केली की सुधरायची, पण तो तासभर बसायचा. पोरं त्याला बंगळूरच्या गमती सांगायची, म्हातारे त्याला पोरांच्या तक्रारी. आयी म्हणायची, “तुला घरचं अन्न गोड लागेनासं झालंय.” ते खरं होतं.

मग ऑफिसांनी पोरांना परत बोलावलं. एकेक करून गेली. एकेक घराची वायर सुब्रायनं स्वतः पेटीतून काढली, तिच्या टोकाला टोपण लावलं आणि गुंडाळी करून खिळ्याला टांगली. दहा गुंडाळ्या टांगून झाल्या. मधल्या काळात आयी गेली. बहीण दावणगेरेला, तिचा फोन चतुर्थीला येतो.

पेटीत एकच वायर राहिली, वरच्या घरची. नागवेणीची.

नागवेणी छत्तीसची, लग्न मोडून आलेली, आणि त्याबद्दल रडत न बसलेली. परदेशातल्या दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर तपासायचं तिचं काम. ती गावात राहिली ती बापासाठी. विघ्नेश्वर हेगडेंची दृष्टी पार गेली होती, पण म्हातारा घरात काठीशिवाय फिरायचा. ओसरीपासून देवघर अकरा पावलं, देवघरापासून न्हाणी सव्वीस, न्हाणीपासून गोठा चाळीस. आगरात जाऊन हातानं चाचपून कुठल्या पोफळीला रोग लागलाय ते सांगायचा. मागे एकदा तिनं त्याला पंधरा दिवस बंगळूरला नेलं होतं. तिथे तो पंधरा दिवस एका खुर्चीत बसून होता. परत आल्यावर अंगणातल्या मातीवर पाय टेकवून त्यानं विचारलं होतं, “पुन्हा नाही ना न्यायचं?” ‘नाही अप्पय्या,’ म्हणून नागवेणीनं शब्द दिला होता.

आता तिच्या कंपनीनं तिला अट घातली. नोव्हेंबर ते जानेवारी तीन महिने बघू. कामाच्या वेळेत तिसऱ्यांदा लाइन गेली, की सामान बांधून बंगळूरला यायचं, कुठलीही सबब चालणार नाही. दीड ते सव्वादोन जेवणाची सुट्टी तेवढी धरणार नाहीत. तिनं हे सुब्रायला सांगितलं तेव्हा म्हातारा ओसरीत बसून ऐकत होता. “सुब्राया,” तो म्हणाला, “माझी पावलं तुझ्या हातात आहेत बघ.”

पहिल्यांदा लाइन गेली ती पोफळीची वाळकी झावळ पडून. दुसऱ्यांदा रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं वायर उपटली. दोन्ही नोव्हेंबरातच. दुसऱ्या खेपेच्या संध्याकाळी म्हातारा घरभर पावलं मोजत फिरत होता. तेव्हापासून सुब्रायनं झोप सोडली म्हणायला हरकत नाही. दर दिवसाआड आठ किलोमीटर वायरीखालून चालायचं. वाळक्या झावळ्या आधीच तोडायच्या. जेसीबीवाल्याला विडा देऊन वायर कुठून जाते ते दाखवायचं. ओढ्याच्या चाकात अडकलेली पानं दिवसातून दोनदा काढायची. एक्केचाळीस दिवस पाचातला एकही दिवा विझला नाही.

आणि एक्केचाळीस दिवस फोन आला नाही. लाइन चालू असताना लाइनवाल्याला कोण फोन करणार? काम जितकं चोख होत गेलं तितकं ते कुणाला दिसेनासं झालं.

तुम्ही म्हणाल, मग स्वतः जायचं की चार पावलं चढून. तो गेला होता एकदा, डिसेंबरात. नागवेणी कानाला यंत्र लावूनच दाराशी आली, चेहरा पांढरा. “काय झालं? लाइन जाणार आहे का?” “नाही, सहज,” तो म्हणाला. “मीटिंग आहे रे, बस हं,” म्हणून ती आत गेली. म्हातारा झोपला होता. सुब्राय दहा मिनिटं ओसरीत बसून उठला. वाटेत शेजारच्या भवानक्कानं कुंपणावरून विचारलं, “आज पक्कड नाही वाटतं हातात?” एवढंच. पण ते पुरेसं होतं. पक्कड हातात असली की तो लाइनवाला, नसली की लग्न मोडून आलेल्या बाईच्या घरी निघालेला एकटा पुरुष. तो पुन्हा गेला नाही.

तर त्या मंगळवारी वानर निघून गेल्यावरही तो पायरीवरच बसून राहिला. घसा खाकरून ‘एक हलसिनकोप्प’ म्हणून बघितलं. दुपारी भात खाल्ला, ताटली धुतली. पावणेदोन वाजले. आता नागवेणी जेवत असेल. जेवणाची वेळ धरत नाहीत.

त्यानं पंपाच्या खोलीत जाऊन वरच्या घरची वायर पेटीतून उपसली.

पाचवा दिवा लाल झाला. सुब्राय बाहेर येऊन पायरीवर बसला, फोन दोन्ही हातांत धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. तो काय बोलणार तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. ‘बघतो बघतो, आलोच,’ म्हणायचं. मग पक्कड घ्यायची, दिवा हिरवा करायचा, वर जायचं, उगाच दोन गाठी तपासायच्या. ती कषाय करेल. म्हातारा विचारेल, यंदा सुपारी कशी आहे.

फोन वाजला. त्यानं मुद्दाम दोन वेळा वाजू दिला.

“आत्ताच?” नागवेणी ओरडत होती. “सुब्रायण्णा, आत्ताच जायची होती? सगळे बसलेत रे मीटिंगला, मॅनेजर बसलाय!”

“पण... जेवणाची...”

“आज त्यांच्या सोयीनं सुट्टी लवकर घेतली! लाव, लवकर लाव काहीतरी!”

त्यानं वायर लावली. दिवा हिरवा झाला. एक मिनिट आणि चाळीस सेकंद. तो पळत वर गेला. पक्कड हातात होती की नाही हेही त्याला नंतर आठवेना.

नागवेणी अंगणात उभी होती. रडत नव्हती. “तिसरी,” ती म्हणाली. “मॅनेजरनं मीटिंगमध्येच मोजून दाखवली. शनिवारपर्यंत ये म्हणाला.”

म्हातारा ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. “कशानं तुटली रे?”

सुब्रायनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण सकाळच्यासारखीच नुसती हवा आली. मग जे बाहेर पडलं ते असं होतं, “तिम्मा सुपारी काढतोय ना आज... वायरीवर दोर पडला असेल.”

चार वर्षांपूर्वीची गोष्ट सगळ्यांच्या ओठांवर होतीच. कुणाला पुरावा लागला नाही. म्हाताऱ्यानं भवानक्काच्या नवऱ्याला पाठवून तिम्माला बोलावलं. तिम्मा आला, खांद्यावर दोराची गुंडाळी, मागे त्याची बायको गंगी. ती रोज त्याचा दोर खाली ताणून धरते. कुंपणापाशी शेजारपाजारची चार माणसं जमली.

“तीस वर्षं माझ्या आगरात चढतोस,” म्हातारा म्हणाला, “आणि म्हातारपणी मला घराबाहेर काढलंस. लाल चिंध्या दिसत नाहीत तुला? मी आंधळा की तू?”

गंगी पुढे होऊन काही बोलणार होती. तिम्मानं तिला हातानं मागे केलं. तो सुब्रायकडे बघत होता. रागानं नव्हे, शेंड्यावरून खालचा अंदाज घेतात तसं, सावकाश. मग म्हणाला, “असेल हेगडे. पडला असेल दोर.”

आणि दोघं निघून गेली. कुंपणापाशी कुणीतरी म्हणालं, “यानं अमेरिकेला सुपारी पाठवणं सोडलं नाही अजून.” एक-दोघं हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुब्राय ओढ्याच्या चाकातली पानं काढत होता. तिम्मा काठावर येऊन उकिडवा बसला, कमरेच्या पिशवीतून पान काढलं, देठ खुडला.

“काल मी खालच्या आगरात होतो,” तो म्हणाला. “वायर तिकडून जातच नाही.”

सुब्रायनं चाकातून आणखी मूठभर पानं उपसली.

“वर बसलं की सगळं दिसतं वो. कोण कुणाच्या घरी जातं, कोण मागच्या दारी रडतं. आम्ही बोलत नाही, ते वेगळं.” तिम्मानं पानाला चुना लावला. “काल तुम्ही खोलीत गेलात. बाहेर आलात. फोन असा धरून बसलात, दोन्ही हातांनी. मला वाटलं कुणी मेलं की काय. मग फोन वाजला आणि तुम्ही घेईनात. हसत होतात.”

“तिम्मा...”

“हसताना बघितलं म्हणून अंगणात गप्प बसलो. नाहीतर सोडलं नसतं तुम्हाला.” त्यानं पान तोंडात टाकलं. “गंगी म्हणते, यापुढे ह्या गावात चढायचं नाही. मी म्हटलं, बघू. त्या म्हाताऱ्याच्या आगरात मी चढायला शिकलो. काल तो मला आंधळा म्हणाला, त्याचं काही नाही. पण पोरगी त्याला नेणार शनिवारी. ते तुमच्याच्यानं बघवेल का?”

सुब्रायला रडू आलं. ओढ्यात गुडघाभर पाण्यात, हातात कुजक्या पानांचा गठ्ठा धरून तो रडला. तिम्मानं दुसरीकडे तोंड करून पिंक टाकली आणि त्याचं होईपर्यंत बसून राहिला.

वरच्या घरी ओसरीत दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. नागवेणी बापाची धोतरं घडी करत होती. सुब्राय अंगणातच उभा राहिला, ओसरीत चढला नाही.

“वायर तिम्मानं नाही तोडली,” तो म्हणाला. “तुटलीच नव्हती. मी काढली होती पेटीतून. हातानं.”

नागवेणीच्या हातातलं धोतर तसंच राहिलं. “का?”

“जेवणाची वेळ होती. मला वाटलं धरणार नाहीत.”

“ते नाही विचारलं. का काढलीस?”

आवाज नीट निघत नव्हता, तरी त्यानं सांगितलं. “तू फोन करशील म्हणून.”

गोठ्यात गाय घंटा वाजवत होती. नागवेणी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ते दुसरंच काहीतरी होतं. आपण बोललेला प्रत्येक ‘सुब्रायण्णा’ ती बहुधा मागे जाऊन तपासत होती.

“मेल्या,” शेवटी म्हातारा म्हणाला, हळू आवाजात. “तिम्माला बोलाव. ज्या अंगणात मी त्याला बोललो, त्याच अंगणात हे सांग. काल होते ते सगळे पाहिजेत.”

सुब्रायनं सगळ्यांना बोलावून आणलं, स्वतः, दारोदार जाऊन. भवानक्कालाही. आणि अंगणात उभं राहून सांगितलं. कुणी हसलं नाही. म्हातारा ओसरीच्या तीन पायऱ्या मोजून उतरला, हात पुढे करून तिम्माचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

नागवेणीनं कंपनीला पत्र लिहिलं, सुब्रायच्या नावानं, खाली त्याची सही. लाइन बिघडली नव्हती, चालवणाऱ्यानं स्वतःहून बंद केली होती, चूक त्याची, त्याला जेवणाची वेळ वाटली. कारण काय, असा एक रकाना होता. तिथे तिचं बोट थांबलं. सुब्राय पाठीमागे उभा होता. ‘तपासणी’ असं तिनं भरलं, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “हे तुझ्यासाठी नाही. अप्पय्यासाठी.”

शुक्रवारी उत्तर आलं. कंपनीनं ती तिसरी वेळ धरली नाही. जानेवारी संपला, लाइन गेली नाही, नागवेणीला गावातूनच काम करायची कायमची परवानगी मिळाली. बॅगा माळ्यावर गेल्या. म्हातारा पुन्हा न्हाणीपर्यंत सव्वीस पावलं मोजू लागला. सुब्रायला ही बातमी भवानक्काकडून कळली.

त्यानंतर नागवेणीनं त्याला कधी फोन केला नाही. फेब्रुवारीत एकदा बॅटरीची तार सैल होऊन लाइन पाच मिनिटं गेली, तेव्हा मोबाइलवर एक शब्द आला: ‘नेट.’ आधी सुब्रायण्णा नाही, पुढे काही नाही. तो वर गेला, पेटी तपासली. ओसरीच्या कठड्यावर कषायाचा पेला झाकून ठेवलेला होता, आणि ती आत होती. म्हातारा बाहेर येऊन दोन वाक्यं बोलला, पण तोही सांभाळून बोलत होता. सुब्रायनं उभ्या उभ्या कषाय प्यायलं, पेला विसळून पालथा घातला आणि उतरला. तक्रार करायला त्याला तोंड नव्हतं. ज्या फोनसाठी त्यानं ते केलं, तो फोनच तेवढा त्यानं घालवला होता. त्या पेटीतल्या वायरीला त्यानं पुन्हा विनाकारण हात लावला नाही. वायरीखालून चालणंही थांबवलं नाही. दिवे पाच, पाचही हिरवे, आणि पायरीवर बसलेला तो.

हंगामाची शेवटची काढणी चालू होती. गंगीनं धमकी दिली होती खरी, पण ती दोर धरायला आली होती, सुब्रायकडे बघत मात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले असतील. सुब्राय पायरीवर बसला होता आणि फोन वाजला.

तो दचकून उठला, आधी खोलीत पळाला. दिवे हिरवे. सोलर चालू. फोनवर अनोळखी नंबर.

“हेगडे, मी तिम्मा.”

“काय झालं? वायर तुटली?”

“नाही.”

“दोर अडकला?”

“नाही वो.”

“मग फोन कशाला केलास?”

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. “वर आलोय,” तिम्मा म्हणाला. “तुम्ही दिसलात पायरीवर. म्हटलं, लावून बघावा.”

सुब्राय खोलीतून बाहेर आला. समोर पोफळीच पोफळी, शेकडो शेंडे वाऱ्यावर डुलणारे. त्यानं डोळ्यांवर आडवा हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. माणूस कुठे दिसेना.

“कुठल्या झाडावर आहेस?”

“इकडे, चिंध्यांच्या वरच्या अंगाला. दिसलो का? हे बघा, दोन्ही हात हलवतोय.”

आणि दिसला. साठ हात उंचीवर, नुसत्या पायांनी पोफळीला धरून, दोन्ही हात डोक्यावर हलवणारा तिम्मा. फोन कानाशी खांद्यानं दाबलेला.

“अरे झाड धर, मेल्या! पडशील!” सुब्राय ओरडला.

फोनची गरज नव्हती. आवाज त्या टोकापर्यंत गेला, खाली दोर धरून उभ्या असलेल्या गंगीनंही मान वर करून पाहिलं.